दहा वर्षं जुन्या घरच्या पीसीवर गेम नीट चालवायचे तर आधी काय बदलावं?

निळी_शाई
नमस्कार मंडळी. आमच्या सांगलीच्या घरी २०१५ साली घेतलेला डेस्कटॉप आहे. आय५-४४६० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा बोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅम (एकच स्टिक), १ टीबी हार्डडिस्क, जीटीएक्स ७५० टीआय २ जीबी कार्ड, विंडोज १०. मॉनिटर १९२०×१०८०, ६० हर्ट्झ.

मी जीटीए ५ खेळते, धाकटा भाऊ काउंटर-स्ट्राइक. सीएस:गो होतं तोवर त्याची काही तक्रार नव्हती. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्या जागी सीएस २ आलं आणि तेव्हापासून स्मोक (धुराचा बॉम्ब) फुटला की चित्र अडखळतंच. माझ्याकडे जीटीएत शहरातून वेगात गाडी नेली की रस्ता उशिरा उमटतो, मध्येच अर्धा सेकंद सगळं थिजतं.

दुकानात विचारलं तर "सगळं भंगारात द्या, नवीन बांधून देतो" एवढंच उत्तर. दहा हजारांच्या आत काय करता येईल? क्रम कसा लावावा? व्यवस्थित चालणारं मशीन केवळ जुनं झालं म्हणून टाकून द्यायला माझं मन घेत नाही.

रातकिडा
एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा वेगवान डिस्क) टाका. बाकी सगळं नंतर.

भावा_थांब
एसएसडीने एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढत नाहीत भावा. ग्राफिक्स कार्ड बदला. सेकंडहँड १०५० टीआय बघा, ४ जीबीचं येतं, ७५ वॅटचं आहे, बहुतेक मॉडेलना वेगळी पॉवर केबल लागत नाही.

रातकिडा
@भावा_थांब, त्यांनी एफपीएस कमी आहेत असं कुठे लिहिलंय? "रस्ता उशिरा उमटतो, मध्येच थिजतं" असं लिहिलंय. हार्डडिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी देते, तेही फाइल सलग असेल तर. तुकड्यातुकड्यांत वाचायला लागली की पार गळपटते. साधी साटा एसएसडी पाचशेच्या वर जाते. जीटीए गाडी चालवताना सतत डिस्कवरून नकाशा उचलत असतो.

काटेकोर
दोघंही बरोबर असाल, दोघंही चुकत असाल. मोजल्याशिवाय कळणार नाही. निळी_शाई, एक रुपयाही खर्च करायच्या आधी हे करा.

एमएसआय आफ्टरबर्नर हे मोजणारं सॉफ्टवेअर टाका, त्याच्याबरोबर रिव्हाट्यूनर येतो. कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी चालतं. खेळताना कोपऱ्यात इतक्या गोष्टी दिसू द्या: जीपीयूचा (कार्डावरच्या ग्राफिक्स चिपचा) वापर, जीपीयूची मेमरी, प्रोसेसरच्या चारही कोअरचा वेगवेगळा वापर, प्रोसेसरचं तापमान, रॅम आणि फ्रेमटाइमचा (एका फ्रेमला लागणाऱ्या वेळेचा) आलेख. ६० एफपीएस म्हणजे एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांत. सरासरी साठ दिसली तरी आलेखात मध्येच ८०-१०० मिलिसेकंदांचे सुळके असतील तर हाताला ते अडखळणंच जाणवणार. सरासरीवर जाऊ नका, सुळके बघा.

मग एक चाचणी. रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. पिक्सेल २०,७३,६०० वरून ९,२१,६०० होतात, म्हणजे कार्डावरचा भार निम्म्याहून कमी. तरीही एफपीएस हलले नाहीत तर कार्ड निर्दोष आहे, अडलंय ते प्रोसेसर किंवा रॅमपाशी. एफपीएस उसळले तर कार्डच कमी पडतंय. दोन्ही गेममध्ये स्वतंत्र बघा, कारण दोघांचं दुखणं एकच असेल असं नाही.

सोलकढी_प्रेमी
काटेकोर, +१. वाचनखूण साठवली.

वऱ्हाडी_ठेचा
तापमान नक्की बघा ताई. आमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. खोलीत ४० असलं की प्रोसेसरला २५ अंशांच्या खोलीपेक्षा पंधरा अंश जास्तच सोसावे लागतात. ४४६० शंभराच्या आसपास गेला की स्वतःच वेग कमी करतो. मग माणूस म्हणतो गेम खराब आहे, कार्ड खराब आहे. अन् आतमध्ये प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली पेस्ट वाळून खडू झालेली असते.

एक आणखी. खोलीतल्या कूलरची हवा थेट सीपीयूवर घेऊ नका. गार लागते हे खरं, पण ओल अन् धूळ दोन्ही आत जाते, अन् ती धूळ मग पंख्याच्या पात्यांना चिखलासारखी चिकटते. ब्लोअरनेसुद्धा निघत नाही बाप्पा.

निळी_शाई
सगळ्यांचे आभार. काल रात्री भावाला बसवून मोजलं.

सीएस २: चारही कोअर ९५ ते १०० टक्के. जीपीयू ६० ते ६५ टक्के. ७२० वर आणलं तरी एफपीएस जवळपास तेवढेच. प्रोसेसर ९४ अंशांपर्यंत गेला.

जीटीए ५: जीपीयू ९८-९९, कार्डाची मेमरी पूर्ण भरलेली. रॅम ७.४ जीबी वापरात. फ्रेमटाइमचे सुळके मुख्यतः वेगात गाडी चालवताना, आणि त्याच वेळी टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के.

काटेकोर
बघा, दोन गेम आणि दोन निराळी दुखणी. सीएसला प्रोसेसर पुरत नाही आणि तो तापतोयही. जीटीएला कार्डाची मेमरी, रॅम आणि डिस्क तिन्ही तोकडी पडतात. भावा_थांब यांच्या सांगण्यावरून फक्त कार्ड बदललं असतं तर भावाला कणभरही फरक दिसला नसता.

लॅमिंग्टनचा_राजू
मी याच धंद्यात आहे, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला बरीच वर्षं काढलीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं, ९४ अंश. इंटेलसोबत येणारा गोल कूलर चार पांढऱ्या-काळ्या प्लास्टिकच्या पिनांवर बसतो. जुन्या मशीनमध्ये यातली एक पिन हमखास अर्धवट असते. वरून बसलेली दिसते, पण बोर्ड उलटा करून पाहिलं तर तिचं टोक बाहेर फाकलेलं नसतं. म्हणजे कूलर एका कोपऱ्यात उचललेला. कूलर काढायचा, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, नवीन पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी मधोमध ठेवायची. बोटाने पसरवू नका, दाबाने ती आपोआप पसरते. मग पिना समोरासमोरच्या जोडीने दाबायच्या, प्रत्येकीचा टक् आवाज यायला हवा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं.

दुसरं, रॅम. एकच स्टिक म्हणजे एकच चॅनल, डेटाची एकच वाट. डीडीआर३-१६०० ला एका चॅनलवर सेकंदाला १२.८ जीबी मिळतात, दोन स्टिक असतील तर २५.६. प्रोसेसरवर अडलेल्या गेमला हे चांगलंच जाणवतं, विशेषतः ते सुळके कमी होतात. एच८१ ला दोनच स्लॉट असतात आणि कमाल १६ जीबी, तेव्हा आणखी एक ८ ची स्टिक घातलीत की तो विषय संपला. पण ऑनलाइन घेताना जपून. काही स्वस्त ८ जीबी डीडीआर३ स्टिकवर बारीक अक्षरांत "फक्त एएमडीसाठी" असतं. त्या इंटेल बोर्डावर चालतच नाहीत. हाफ किमतीत दिसली की आधी ती ओळ शोधा.

तिसरं, एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. कार्ड बदलायचं डोक्यात असेल तर एसएमपीएसच्या बाजूचं स्टिकर वाचा. वर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट असलं तरी खरा आकडा १२ व्होल्टच्या रांगेत असतो. तिथे १६ अँपिअर असेल तर कार्ड आणि प्रोसेसरच्या वाट्याला १९२ वॅटच. लोक इथे पैसे वाचवतात आणि मग बोर्डासकट सगळं जळालेलं घेऊन माझ्याकडे येतात.

सह्याद्रीवेडी
राजूदादा, फार उपयोगी प्रतिसाद. पिनेचं माहीत नव्हतं, आजच बघते.

पेन्शनर_गेमर
माझं वय ६७, बरं का मंडळी. रोज संध्याकाळी एज ऑफ एम्पायर्स २ खेळतो. १९९९ चा गेम, २०१९ च्या नव्या आवृत्तीत. आठ जणांच्या मोठ्या लढाईत माझाही पीसी रडकुंडीला येत असे. नातवाने लोकसंख्येची मर्यादा कमी केली आणि गाडी रुळावर आली. तेव्हा सेटिंगचाही विचार करा, सगळं विकतच घ्यायला हवं असं नाही.

भावा_थांब
काका, नाद खुळा! कुठली सिव्हिलायझेशन घेता?

पेन्शनर_गेमर
फ्रँक्स. घोडदळाशिवाय करमत नाही.

रातकिडा
काकांचा मुद्दा धरून जीटीएची सेटिंग सांगतो, हे तर फुकटात होतं.

चित्रातल्या कडा गुळगुळीत करणारं एमएसएए पूर्ण बंद. त्याऐवजी हलकं एफएक्सएए. ग्रास क्वालिटी नॉर्मलवर, अल्ट्रा ग्रास डोंगराळ भागात कार्डाचा जीव घेतं. टेक्श्चर नॉर्मल, कारण २ जीबीत हाय मावत नाही. सेटिंगमध्ये वरच व्हिडिओ मेमरीची पट्टी दिसते, ती लाल होऊ देऊ नका. अॅडव्हान्स्ड ग्राफिक्समधलं एक्स्टेंडेड डिस्टन्स स्केलिंग शून्यावर आणा. पॉप्युलेशन डेन्सिटी अर्ध्यावर, त्याचा भार प्रोसेसरवर असतो.

आणि तुमच्याकडे जीटीएची जुनी, म्हणजे लेगसी आवृत्तीच आहे ना? मार्च २०२५ मध्ये नवी एन्हान्स्ड आवृत्ती आली, तिला एसएसडी लागते आणि कार्डही तगडं लागतं. तिच्या वाटेला जाऊ नका.

सोलकढी_प्रेमी
रिझोल्यूशन १६००×९०० केलं तर? तेवढ्याने पिक्सेल तीस टक्के कमी होतात आणि चित्रही अगदी पुसट होत नाही. मी वेंगुर्ल्याला तसंच खेळतो.

अवांतर, पण कोकणातल्यांसाठी: खाऱ्या हवेने रॅमच्या पिवळ्या पट्ट्या काळवंडतात आणि मशीन मध्येच बंद पडतं किंवा चालूच होत नाही. स्टिक काढून त्या पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासायच्या, भुगा झटकायचा, परत बसवायची. पावसाळ्यात खेळायचं नसलं तरी पीसी रोज थोडा वेळ चालू ठेवा. आतली ऊब ओल धरू देत नाही.

किबोर्ड_कुमार
एवढं सगळं कशाला? गेम बूस्टर आणि रॅम क्लीनर टाका, विंडोजची हलकी केलेली आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) डाउनलोड करा, विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर बंद. माझे एफपीएस दुप्पट झाले.

काटेकोर
@किबोर्ड_कुमार, इथे मी ठामपणे विरोध करतो. रॅम क्लीनर विंडोजने कामासाठी जवळ ठेवलेला डेटा हुसकावून लावतो, तो मग पुन्हा डिस्कवरून आणावा लागतो. हार्डडिस्क असलेल्या मशीनवर याने अडखळणं वाढतं. आणि कुणी अनोळखी माणसाने कापून-जोडून दिलेली विंडोज ज्या मशीनवर आईबाबा बँकेचा व्यवहार करतात त्यावर टाकायची? स्टीमचं, म्हणजे गेम जिथे घेतलेत तिथलं खातं जाईल ते वेगळंच. स्टार्टअपमधली नको ती अॅप्स बंद करा, एक्सबॉक्स गेम बारचं पार्श्वभूमीतलं रेकॉर्डिंग बंद करा, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स ठेवा. विंडोजमध्ये करण्यासारखं साधारण एवढंच.

किबोर्ड_कुमार
बँकेचा मुद्दा मान्य. डिफेंडरबद्दल लिहिलेलं मागे घेतो.

अनिवासी_अभी
ड्रायव्हरचंही बघा. कार्ड किंवा ड्रायव्हर बदलताना डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या सॉफ्टवेअरने जुना पूर्ण काढून नवीन टाका. मात्र एनव्हिडियाने मॅक्सवेल आणि पास्कल या जुन्या पिढ्यांच्या कार्डांसाठी गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. आता तीन महिन्यांतून एकदा फक्त सुरक्षेचे अपडेट, तेही ऑक्टोबर २०२८ पर्यंत. ७५० टीआय मॅक्सवेल आहे, आणि भावा_थांब यांनी सुचवलेलं १०५० टीआय पास्कल. म्हणून आता पैसे घालायचेच तर २०१९ चं १६५० बघावं. ते नंतरच्या ट्युरिंग पिढीचं आहे, त्याला ड्रायव्हर चालू आहेत.

भावा_थांब
बरोबर आहे, १६५० च घ्या. १०५० टीआयचा सल्ला आता देणार नाही. नव्यातलं आरएक्स ६४०० कसं वाटतं?

लॅमिंग्टनचा_राजू
या बोर्डावर नको. ६४०० ला चारच लेन (कार्ड आणि बोर्डामधल्या डेटाच्या वाटा) जोडलेल्या असतात. एच८१ वर पीसीआय एक्सप्रेसची दुसरी पिढी आहे. चार लेनचे सेकंदाला २ जीबी होतात, १६ लेनच्या कार्डाला तिथेच ८ जीबी मिळतात. ४ जीबी मेमरी भरली की ६४०० गुदमरतं. नव्या बोर्डावर तेच कार्ड बरं चालतं, दोष जोडीचा आहे.

१६५० घेताना सहा पिनांची पॉवर केबल न लागणारं मॉडेल बघा. सेकंडहँड घेतलं तर पैसे द्यायच्या आधी समोर जीपीयू-झेड उघडून घ्या. जुन्या कार्डावर नव्या नावाचं बायोस (आतलं मूळ सॉफ्टवेअर) चढवून विकतात, त्यातली बरीच हे सॉफ्टवेअर ओळखतं. आणि समोरच पंधरा-वीस मिनिटं गेम चालवून बघा. नुसती विंडोज दिसली म्हणून कार्ड चांगलं असं होत नाही.

सह्याद्रीवेडी
माझा एक साधा प्रश्न सगळ्यांना. मॉनिटरची केबल कार्डाला लावलीय की बोर्डाला, हे विचारलं का कुणी? आमच्या सोसायटीत एका मुलाने नवीन कार्ड आणलं आणि केबल वर बोर्डालाच. महिनाभर प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवरच खेळत होता बिचारा.

निळी_शाई
@सह्याद्रीवेडी, कार्डालाच आहे, आत्ता वाकून बघितलं. :)

शून्य_पिंग
विंडोज १० चं काय? १४ ऑक्टोबर २०२५ ला तिचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ४४६० चौथ्या पिढीतला. माझं मत: लिनक्स टाका. स्टीमच्या प्रोटॉनवर बरेच विंडोज गेम चालतात, आणि सीएस २ तर लिनक्सवर थेट चालतं.

रातकिडा
लिनक्स चांगलंच आहे, पण पूर्ण माहिती द्या. व्हॅलोरंट हा गेम तिथे अजिबात चालत नाही. जीटीए ऑनलाइनला सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय हे लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर लावलं, तेव्हापासून तेही लिनक्सवर नाही. जीटीएची गोष्ट एकट्याने खेळायची तर अडचण नाही. ताई ऑनलाइन खेळतात का?

निळी_शाई
हो, मैत्रिणींबरोबर शनिवारी. त्यामुळे विंडोज हवंच.

काटेकोर
मग घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला दिलेली वाढीव सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत, सेटिंगमधल्या अपडेटच्या पानावर नोंदणी होते. ती लगेच करा. त्यानंतर बँकेचे व्यवहार या मशीनवर ठेवू नका, एवढं माझं स्पष्ट म्हणणं आहे. जबरदस्तीने ११ टाकता येतं, पण त्यावर व्हॅलोरंटसारखे गेम टीपीएम मागून अडवतात.

भटकंती_पुणे
मंडळी, दहा हजार यात घालण्यापेक्षा साठवून ठेवले आणि वर्षाने नवीन घेतलं तर? मी असतो तर हेच केलं असतं. जुन्या सॉकेटवर टाकलेली रॅम नव्या मशीनला उपयोगी पडत नाही.

वऱ्हाडी_ठेचा
रॅम नाही पण एसएसडी अन् कार्ड तर पुढे जातंच ना! नवीन रॅम किती महागलीय ते पाहा जरा. अन् बहीण-भाऊ आज खेळतात, वर्षभर थांबा म्हणायला काय जातंय आपलं?

अनिवासी_अभी
भटकंतींचं म्हणणं कार्डाच्या बाबतीत विचार करण्याजोगं आहे. पण पेस्ट, रॅम आणि एसएसडी एवढं तरी आत्ता करावं. शिवाय एक पर्याय कुणी लिहिला नाही: सेकंडहँड आय७-४७९०. सॉकेट तोच ११५०, चार कोअरना आठ थ्रेड (एका वेळी आठ कामं), वीज ४४६० इतकीच म्हणजे ८४ वॅट. जुन्या एच८१ बोर्डांना या प्रोसेसरसाठी बायोस अपडेट लागायचं, पण ४४६० त्याच २०१४ च्या तुकडीतला आहे. तो चालतोय म्हणजे तुमचं बायोस या तुकडीला ओळखतं. सीएसला खरा फरक यानेच पडेल.

निळी_शाई
उशिरा लिहितेय, पण काम झालं.

आधी कूलर. राजूदादा, मागची उजवीकडची पिन खरोखर अर्धवट होती. पेस्ट इतकी वाळली होती की नखाने पापुद्रे निघाले. नवीन लावल्यावर सीएस २ मध्ये ७२ च्या वर जात नाही. तेवढ्यानेही सामना लांबल्यावर वेग उतरायचा तो थांबला.

मग ८ जीबीची दुसरी स्टिक, इथल्याच दुकानातून, बोर्डावर लावून बघून घेतली. सीपीयू-झेडमध्ये आता चॅनल ड्युअल दिसतं. स्मोकमध्ये आधी एफपीएस तिशीत कोसळायचे, आता पन्नासच्या खाली क्वचित जातात.

५०० जीबीची साटा एसएसडी घेतली. विंडोज आणि दोन्ही गेम तिच्यावर. सीएस २ एकटंच ८५ जीबी मागतं, म्हणून २५० ची घेतली नाही. जीटीएत रस्ता आता गाडीच्या आधी हजर असतो. रातकिडा यांची सेटिंग आणि १६००×९०० यांवर शहरात ६० टिकतात, डोंगरात पन्नाशीला येतात. मला एवढं पुष्कळ आहे.

कार्ड घेतलं नाही. एसएमपीएसच्या स्टिकरवर १२ व्होल्टला १४ अँपिअर निघाले, त्यामुळे आधी ते बदलल्याशिवाय नवीन कार्डाचा विचारच नाही. उरलेल्या पैशांत आय७ घ्यावा की एसएमपीएस?

लॅमिंग्टनचा_राजू
एसएमपीएस. १४ अँपिअर म्हणजे १६८ वॅट, तेही दहा वर्षं जुन्या कपॅसिटरवर. बाकी सगळं त्याच्या जिवावर चालतं. आणि चांगला एसएमपीएस पुढच्या मशीनलाही चालेल, भटकंतींचाही मान राहील.

भावा_थांब
आणि आय७ भावाच्या वाढदिवसाला!

पेन्शनर_गेमर
शाब्बास पोरी. जुनी हार्डडिस्क टाकू नकोस.

निळी_शाई
काका, तिच्यावर फोटो ठेवलेत. चालेल ना?

काटेकोर
चालेल, पण एकमेव प्रत तिच्यावर ठेवू नका. क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा आणि रिअलोकेटेड सेक्टर (डिस्कचे खराब म्हणून बदललेले तुकडे) व करंट पेंडिंग सेक्टर (संशयित तुकडे) या दोन ओळी बघा. दोन्हींत शून्य असेल तर सध्या काळजी नाही. आकडा दिसला, आणि दर महिन्याला वाढताना दिसला, तर फोटो त्याच दिवशी दुसरीकडे हलवा.

निळी_शाई
पेंडिंग शून्य, रिअलोकेटेड ८. आज रात्रीच कॉपी लावते.